शिबिरातली फुंकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन (सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार) असतो आणि त्याच्या आगेमागे तुमच्या पेपरात, खरं तर सगळ्याच पेपरात, एक बातमी हमखास येते. अमुक गावात मोफत फुप्फुस तपासणी शिबिर, इतक्या जणांची तपासणी, फोटोत शाल आणि नारळ. मी त्या फोटोत नसते पण त्या तपासणीत असते, कारण फुंकायला लावणारी बाई ती मीच. गेली चौदा वर्षं पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये पीएफटी लॅबला आहे. पीएफटी म्हणजे पल्मनरी फंक्शन टेस्ट, पेशंटच्या भाषेत फुंकायची टेस्ट. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण ब्रिटनमध्ये हेच काम करते, तिकडे तिला रेस्पिरेटरी फिजिऑलॉजिस्ट म्हणतात. इकडे मला "ओ मॅडम" किंवा "ओ सिस्टर" म्हणतात, असो, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार त्या शिबिरांबद्दल आहे आणि त्यात मी स्वतः पण आलेच.

गेल्या वेळचं शिबिर सातारा जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेत होतं. साडेनऊची वेळ, पाहुणे आले साडेदहाला, सत्कार आणि भाषणं होईपर्यंत साडेअकरा वाजले, दोनला पंगत. मध्ये अडीच तास, मशीन एक, मी एकटी आणि लाईन व्हरांड्याबाहेर. त्या अडीच तासात मी ११२ जणांना फुंकायला लावलं. गणित तुम्हीच करा, माणशी दीड मिनिट पण येत नाही, त्यातच नाव, वय, उंची, माउथपीस बदलणं सगळं आलं.

लॅबमध्ये हीच टेस्ट नीट करायची तर पाऊण तास जातो हो. सकाळी आल्यावर आधी तीन लिटरच्या सिरिंजने मशीन तपासायचं की ते तीनला तीनच दाखवतंय ना (शिबिराला ती सिरिंज कोणी नेत नाही, मी पण नेली नव्हती). मग पेशंटची उंची मोजायची, विचारायची नाही, मोजायची. पाठीत बाक असेल तर दोन्ही हात पसरायला लावून त्यावरून उंची काढायची. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्यायची, ढिली असेल तर काढायला सांगायचं. नाकाला चिमटा लावायचा, मग पूर्ण श्वास आत आणि मग एका दणक्यात बाहेर, आणि तो दणका दिल्यावर थांबायचं नाही, छाती रिकामी होईपर्यंत काढत राहायचं, मी बाजूला उभी राहून ओरडत असते, काढा काढा काढा, अजून अजून, सोडू नका. शेजारच्या ओपीडीतले लोक हसतात. अशा निदान तीन फुंकरी नीट जमाव्या लागतात आणि त्यातल्या चांगल्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात, फरक १५० मिलिलिटरच्या आत. आठ वेळा करूनही नाही जमलं तर साधारण त्या दिवशी बस करायचं कारण माणूस दमतो. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंप द्यायचा, ४०० मायक्रोग्रॅम, पंधरा मिनिटं बसवायचं आणि सगळं परत पहिल्यापासून. सीओपीडी आहे की नाही हे त्या दुसऱ्या खेपेवरच ठरतं. म्हणजे शिबिरात ज्या ११२ जणांच्या हातात मी चिठ्ठी दिली त्यातल्या एकाचीही टेस्ट पूर्ण झालेली नव्हती. बातमीत मात्र आकडा ११२ आला, आणि तो बरोबरच होता.

फेब्रुवारीत त्यातल्याच एक मावशी मुलाबरोबर आमच्या लॅबला आल्या. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. चिठ्ठीवर वय ७५ आणि शेवटी नॉर्मल. मी म्हटलं मावशी वय किती तुमचं, तर म्हणाल्या मला काय ठावं, लगीन बहात्तरच्या दुष्काळात झालं तवा मी चौदा वर्षांची. म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट. आता कोणी म्हणेल सात-आठ वर्षांनी काय फरक पडतो, तर पडतो. मशीन वय, उंची आणि बाई की पुरुष यावरून ठरवतं की या माणसाकडून किती हवा यायला पाहिजे, वय जास्त टाकलं की ते अपेक्षाच कमी ठेवतं आणि मग आजारी माणूस पण पास होतो. ते ७५ मीच टाईप केलेलं असणार, अंदाजाने, चेहरा बघून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मावशींनी फुंकलं कसं? तर फुंकणीने चूल पेटवतात तसं. गाल फुगवून, हळू, जपून. पन्नास वर्षं ज्या बाईने फुंकणी हातात धरली तिला आपण फुंका म्हटल्यावर ती दुसरं काय करणार, आणि राख डोळ्यात उडू नये म्हणून दोन सेकंदात थांबायची पण सवय. आता मी अशा बायकांना फुंका म्हणतच नाही. म्हणते चूल नाही पेटवायची मावशी, ट्रॅक्टरचं टायर फुटतं ना तसं एकदम, आणि मग पार रिकामं होईस्तोवर. त्यांना सहाव्या वेळी जमलं. पंपानंतरचे आकडे सांगते. पहिल्या सेकंदात १.१० लिटर, एकूण १.९० लिटर. शिबिराच्या चिठ्ठीवर पहिल्या सेकंदात १.१० च होते पण एकूण फक्त १.४५, कारण त्या मध्येच थांबल्या होत्या आणि मी थांबू दिलं होतं. पहिल्या सेकंदाच्या हवेला एकूण हवेने भागायचं आणि पंपानंतर उत्तर ०.७० च्या खाली आलं तर श्वासनळ्यांत अडथळा आहे असं धरतात. शिबिरातलं उत्तर ०.७६, लॅबमधलं ०.५८. मध्येच थांबलेला माणूस चिठ्ठीवर बरा दिसतो, हे आमच्या कामातलं पहिल्या महिन्यात शिकवलं जाणारं आहे.

याचं उलटं पण होतं, सुरुवात भीत भीत केली की नसलेला अडथळा दिसतो आणि चांगल्या माणसाच्या मागे पंप लागतो.

मुलगा म्हणत होता आईने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, मग हे कसं. उज्ज्वलाचं सिलिंडर घरात आहे, चहा त्यावर होतो, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, सिलिंडर पुरवायचा असतो ना. चुलीच्या धुराने सीओपीडी होतो यावर पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या लोकांनी किती वर्षं लिहिलंय, तरी अजून सीओपीडी म्हटलं की लोकांना सिगारेटच आठवते. निघताना मावशी हळूच म्हणाल्या, त्या चिठ्ठीनंतर घरी सगळे म्हणायला लागले नॉर्मल आलंय, कामाचा कंटाळा म्हणून दम लागतो म्हणते. तीन महिने. मला काय बोलावं सुचेना, मी माउथपीस टाकायला उठले.

अजून एक. त्याच शाळेत आधी मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. लाईनमध्ये काळा गॉगल घातलेले एक आजोबा, ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले. इतक्या जोरात फुंकलं की डोळ्यावर प्रेशर येतं, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर लगेच ही टेस्ट करत नाहीत. मी त्यांना परत पाठवलं तर टोकन घेतलंय म्हणून भांडले माझ्याशी. ते मला दिसले ते गॉगलमुळे. हार्ट अटॅकला गॉगल नसतो, आणि त्या गर्दीत मी प्रत्येकाला विचारलं होतं असं काही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

शिबिरं बंद करा असं म्हणत नाही मी. दम लागतो का, खोकला किती दिवस, चूल का गॅस, खाणीत-क्रशरवर काम केलंय का, पूर्वी टीबी होऊन गेला का, एवढं विचारायला मशीन लागत नाही, आशाताई ते माझ्यापेक्षा चांगलं विचारतील. त्यातून वीस जण निवडा, त्यांची टेस्ट दोन्ही खेपांसह नीट करा, आणि चिठ्ठीवर नुसते आकडे नको, ग्राफ पण छापा. ग्राफ बघितला की जाणकार माणसाला लगेच कळतं पेशंट मध्येच थांबलाय का. ब्रिटनमध्ये स्पायरोमेट्री, म्हणजे हीच फुंकायची टेस्ट, करणाऱ्यांची परीक्षा होते आणि एआरटीपी नावाची संस्था पास झालेल्यांचं रजिस्टर ठेवते. आपल्याकडे आमच्यासारख्यांच्या शिक्षण-नोंदणीसाठी २०२१ मध्ये कायदा झाला खरा, पण मी जिथे जिथे शिबिराला गेले तिथल्या सरकारी दवाखान्यांत मला हेच दिसलं की मशीन कपाटात आहे आणि ते चालवायचं काम ईसीजीवाल्याकडे, सवड मिळाली तर.

आणि तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी बातमी देताना आयोजकांना एवढंच विचारा की किती जणांना पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं. तो आकडा छापा.

यंदाच्या शिबिराचं आमच्याकडे ठरलंय. मी सरांना सांगितलं वीसच्या वर घेणार नाही, सर म्हणाले बरोबर आहे तुमचं, पण बॅनरवर २०० छापून झालेत. सिरिंज मात्र या वेळी बॅगेत टाकून ठेवलीय.

आपली,
एक पीएफटी टेक्निशियन, पुणे
(कृपया नाव छापू नये, नोकरी करायची आहे अजून)