सुधीर, मत मीच दिलं होतं

माणगाव, जि. रायगड
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गौरीबरोबर गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तू निघालास. अंधेरीला पोचल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. फोनवर तू रस्त्याला आणि रस्ता बांधणाऱ्यांना जे काही म्हणालास ते इथे लिहीत नाही, हे पत्र टाकायला सूनबाई जाणार आहे. पण शेवटी एक विचारलंस: "अरे, तुम्ही लोक मतं तरी कशी देता रे यांना?" मी "चल, जेव आता" म्हणून फोन ठेवला. उत्तर होतं माझ्याकडे. उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सकाळपासून लिहायला बसलोय. रिटायर मास्तराला दुसरं काम काय?

रस्त्याचं आधी उरकतो. मुंबई–गोवा महामार्गाचं पळस्पे ते आपलं इंदापूर, ८४ किलोमीटर, चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. त्या वर्षी माझ्या वर्गात पहिलीला बसलेली पोरं आता मतदार झाली. दर गणपतीच्या आधी मंत्री पाहणीला येतात, खड्ड्यात खडी पडते, पेपरात नवी तारीख छापून येते. माणगावच्या बायपासचे खांब तू पाहिलेसच. या तेरा वर्षांत जवळजवळ सगळ्या पक्षांनी कधी ना कधी सत्ता चाखली, त्यामुळे शिव्या घालायला कोणताच एक पक्ष पुरत नाही. आणि या तेरा वर्षांत इथे लोकसभेला तीनदा मतदान झालं. रस्त्यावरून कोणी घरी बसलाय असं मला तरी दिसलं नाही.

तुझं म्हणणं, लोक अडाणी आहेत, विसरतात. विसरत नाहीत रे. आमच्या गावात १९८९च्या पुरात कोणी कोणाची म्हैस सोडवली ते लोकांना पाठ आहे. आणि अडाणी म्हणशील तर मी बी.ए., बी.एड. आहे, आणि मत मीही दिलंय. ते कसं, तेच सांगायचंय. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

दादाला २०१४च्या पावसाळ्यात झटका आला हे तुला माहीत आहे. रात्रीचे साडेअकरा, वीज गेलेली, बाहेर धो धो पाऊस. तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. रिक्षात घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नाही. नर्सबाई एकटी, बिचारी बॅटरी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, साहेब शनिवारी गेलेत, सोमवारी येतील. अॅम्ब्युलन्स दारात उभी होती, ड्रायव्हर नव्हता. मग आमच्या झेडपीच्या मेंबरला फोन लावला. नाव लिहीत नाही. फोन स्वतः उचलला, पहिल्या रिंगला. "सर, घाबरू नका, गाडी पाठवतो." वीस मिनिटांत जीप आली, बरोबर दोन पोरं. पहाटे मुंबईत पोचलो तर तिथे त्याचा माणूस केसपेपर काढून उभा. दादा त्यानंतर साडेतीन वर्षं जगला, काठी टेकत का होईना, पण नातवाच्या मुंजीत मिरवला.

२०१७च्या फेब्रुवारीत झेडपीची निवडणूक लागली. आमच्या घरची नऊ मतं त्याला गेली. वहिनीने तर मतदानाला जाताना देवाला दिवा लावला.

आता गंमत बघ. तो दवाखाना झेडपीचा. डॉक्टर राहतो की नाही हे बघायचं, ड्रायव्हरची जागा भरून घ्यायची, सभेत उठून विचारायचं, हे काम त्या मेंबरचं. दोन टर्म तो तिथे बसून होता. म्हणजे ज्या खड्ड्यात आम्ही पडलो तो बुजवणं त्याच्याकडे होतं, आणि दोर टाकून वर काढणाराही तोच. आम्हाला दोर दिसला. डॉक्टर असता तर मी फोन कशाला केला असता? आणि फोन केला नसता तर त्याला मत कशाला दिलं असतं? हे मला त्याच रात्री जीपमध्ये कळलं होतं, असं सांगितलं तर खोटं होईल. पण मतदानाच्या दिवशी कळत होतं. तरी बटण तेच दाबलं.

का, ते मी खूप वेळा स्वतःला विचारलंय. दवाखाना नीट चालला तर तो सगळ्यांचा. त्याचे उपकार कोणावर नसतात, आणि तो बंद पडला तर नुकसान होतं तेही सगळ्यांचं, वाटून घेतलेलं, कोणाच्याच नावावर न टाकलेलं. जीप मात्र आमच्या दारात आली होती, आमच्या दादासाठी. इथे उपकाराला विसरणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत. वहिनीला मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचं काय सांगणार होतो?

तुला वाटेल हे छोट्या पुढाऱ्यांचं झालं. मोठ्यांचंही हेच असतं, आणि त्याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात आपण दोघांनी बघितलाय. अंतुले आठवतात? आपण तेव्हा कॉलेजात नुकते गेलो होतो. १९८०च्या जूनमध्ये म्हसळ्याच्या आंबेत गावचा बॅरिस्टर मुख्यमंत्री झाला. बाळासाहेब सावंत १९६३ला काही दिवस हंगामी होते ते सोडले तर कोकणातला माणूस त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसला. तुझे वडील नमाजी माणसाला मत देणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी त्यांनीही पेढे आणले होते. १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, १ मेला सिंधुदुर्ग निराळा निघाला. फाईल त्यांच्या टेबलावर थांबत नाही, अशी ख्याती. निराधारांना महिन्याला पैसे सुरू झाले, संजय गांधी निराधार योजना. आमची आत्या बालविधवा, तिच्या नावाने जन्मात पहिल्यांदा सरकारकडून काही आलं. ती मरेपर्यंत त्याला "अंतुलेंचे पैसे" म्हणायची. पुढे किती मुख्यमंत्री आले नि गेले, पैसे अंतुलेंचेच.

आणि मग सिमेंट. तेव्हा सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं, परमिटशिवाय गोण मिळत नसे. बिल्डरांनी अंतुलेंच्या ट्रस्टांना देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असं प्रकरण ऑगस्ट १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने बाहेर काढलं. १२ जानेवारी १९८२ला हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध होता असा निकाल दिला आणि अंतुले गेले. तू त्या वेळी हॉस्टेलवर भांडला होतास माझ्याशी. मी म्हणत होतो, संपला हा माणूस.

संपला कुठे? कुलाबा मतदारसंघातून (त्याचं नाव जुनंच राहिलं होतं) १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ला लोकसभेवर गेला. चार वेळा. दिल्लीत मंत्रीही झाला.

मी एकदा आत्याला विचारलं होतं, तिला सिमेंटचं काही ठाऊक आहे का म्हणून. म्हणाली, "ते मुंबईच्या बिल्डरांचं ना? आपलं घर तर मातीचं." मी हसलो होतो. आता वाटतं, सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं. ज्याचं गेलं तो लांबचा, ज्याला मिळालं ती आपली आत्या. त्यात अंतुलेंवरचा भ्रष्टाचाराचा खटला असा लांबला की सामान्य माणसाने काय समजायचं? खटला हायकोर्टाकडे वर्ग करण्याचा आपलाच हुकूम सुप्रीम कोर्टाने १९८८ला सात न्यायाधीश बसवून रद्द केला. नाक्यावरचा चहावाला म्हणायचा, मास्तर, एवढ्या मोठ्या लोकांचं ठरत नाही, आम्ही कशाला ठरवू? आणि २००९ला शिवसेनेच्या अनंत गीत्यांनी अंतुलेंना पाडलं तेव्हा सिमेंटचा शब्द माझ्या तरी कानावर आला नाही. मतदारसंघ बदलला होता, वय झालं होतं, हवा वेगळी होती. म्हणजे शिक्षा झाली, पण त्या गुन्ह्याची नव्हे.

हे फक्त कोकणात होतं असं समजू नकोस. १९७७ला खुद्द रायबरेलीने इंदिराबाईंना पाडलं आणि १९८०ला देशाने त्यांना ३५३ जागा दिल्या. तीन वर्षंही झाली नव्हती. आणीबाणीत आत गेलेले आपले गोखले सर त्या निकालाच्या दिवशी वर्गात काही न शिकवता बसून राहिले होते, आठवतं?

आणखी एक गोष्ट मनात घोळते. न केलेलं काम दिसत नाही, केलेलं दिसतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली, दोन एसट्या माणसांसकट गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस नदीत शोध चालू होता, मी एकदा जाऊन आलो आणि पुन्हा गेलो नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. पुढच्या जूनमध्ये उद्घाटन. खरंच कौतुकाचं काम, मी नाही म्हणत नाही. पण आज त्या पुलावरून जाताना गाडीतला प्रत्येक जण म्हणतो, "१६५ दिवसांत बांधला हां!" जुना पूल आधीच का बंद केला नाही, हे विचारणारा मला वर्षातून एखादा भेटतो. तो बहुधा मीच असतो.

गेल्या महिन्यात मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. डिसेंबरात उभारला, ऑगस्टात पडला. चार दिवसांनी पंतप्रधानांनी पालघरात माफी मागितली. आमच्याकडे लोक चिडले, खरंच चिडले, कारण ते दुखणं प्रत्येकाच्या काळजातलं होतं. पण विधानसभा आता दोनेक महिन्यांवर आली आहे, आणि त्याच ऑगस्टात, राखीच्या आधी, आमच्या सूनबाईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे तीन हजार जमा झालेत. ती म्हणते, "बाबा, हे पैसे माझे आहेत, मी कोणाला विचारून खर्च करणार नाही." तिचं बरोबरच आहे, नोकरी तिला कोणी दिली नाही, निदान हे तरी दिलं. रस्त्याचा हिशेब आणि या तीन हजारांचा हिशेब ती एका वहीत मांडेल असं मला वाटत नाही. तू मांडतोस, कारण तुला तीन हजारांची गरज नाही आणि रस्ता तू वर्षातून दोनदा वापरतोस. राग मानू नकोस.

आणि राग आलाच तर तुझ्या अंधेरीचंही बोलू. गोखले पूल पाडून नवा बांधला, फेब्रुवारीत एक बाजू सुरू केली, आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळेना. सगळ्या मुंबईने व्हॉट्सअॅपवर हसून घेतलं. तूच मला ते विनोद पाठवलेस, पाच तरी. जाब कोणाला विचारलास? मार्च २०२२ पासून तुझ्याकडे नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. आमच्या झेडपीवरही तोच प्रकार. म्हणजे आता चुकीची माफी द्यायलाही समोर माणूस उरला नाही.

तर परवाचं सांगतो आणि थांबतो, हात दुखायला लागला. अनंत चतुर्दशीला तळ्यावर तोच आमचा जुना मेंबर भेटला. आता मेंबर नाही, पण विधानसभेला कोणाचं तरी काम करणार आहे. पाया पडला. मी धीर करून विचारलं, "अरे, दवाखान्यात रात्रीचा डॉक्टर अजून नसतो." त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "सर, तुम्हाला डॉक्टरची काय काळजी? मी आहे ना. नंबर बदललाय माझा, लिहून घ्या."

मी लिहून घेतला, सुधीर. घरी येऊन सूनबाईकडून मोबाइलमध्ये सेव्हसुद्धा करून घेतला. तुझी वहिनी हल्ली रात्री छातीत जळजळतं म्हणते.

दिवाळीला ये, पण रेल्वेने ये.

तुझा,
विलास