एकाच साच्यातल्या दोन होड्या

देवगड, नारळी पौर्णिमा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

सकाळी समुद्राला नारळ दिला. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली, पण वारा पडत नव्हता, म्हणून आनंदवाडीतल्या बऱ्याच होड्या कालपर्यंत शाकारलेल्याच होत्या. जेट्टीवर ढोल वाजतायत आणि मी शेडमध्ये बसून तुला लिहितोय. तिकडे इटलीत दल्लारा कंपनीत तू शर्यतीच्या गाड्यांचे टब करतेस, म्हणजे ड्रायव्हर ज्यात बसतो तो कार्बनचा सांगाडा. त्या कामाबद्दल फोनवर तू बोललीस ते तीन दिवस डोक्यातून जात नाही.

"बाबा, रोज तेच. सगळे टब सारखे, सगळ्या गाड्या सारख्या. जिंकतो ड्रायव्हर, नाव होतं टीमचं. माझं काम कोणाला दिसतच नाही."

तू पाठवतेस ते सगळं मी वाचतो गो. फॉर्म्युला वनच्या खालची शर्यत ती फॉर्म्युला टू. तिच्या अकरा टीम, बावीस गाड्या, आणि सगळ्यांचा सांगाडा तुमच्या वारानो गावातल्या दल्लाराचा. इंजिन सगळ्यांना मेकाक्रोमचं, ३.४ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो, ६२० हॉर्सपॉवर. टायर सगळ्यांना पिरेलीचे. पैसेवाल्या टीमलाही वेगळं इंजिन आणता येत नाही, म्हणून तर फॉर्म्युला वनवाले तिथे पोरांची पारख करतात. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० च्या डिसेंबरात साखीरला जिंकला, तेव्हा आई झोपेतून उठून आली होती इतके आपण ओरडलो. आठवतं ना?

आणि तुझं काम मला परकं नाही. मी फायबरच्या होड्या करताना साच्यात काचधाग्याची मॅट अंथरतो, ब्रशने रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट रस, मारतो, रोलर फिरवून हवा काढतो. तुमच्या कार्बनच्या कापडात रेझिन आधीच भरलेलं असतं. ते फ्रीझरमध्ये सांभाळायचं, थरावर थर लावायचे, व्हॅक्यूम बॅगेत बांधायचं आणि ऑटोक्लेव्हच्या भट्टीत दाबाखाली भाजायचं. दोन कार्बनच्या सालींमध्ये अ‍ॅल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी. मी डेकला दोन थरांमध्ये प्लाय घालतो, त्यातलीच युक्ती. वजन थोडं वाढतं, ताठपणा कितीतरी.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. तू तेव्हा लहान होतीस. खालच्या वाडीतल्या दोघा भावांना एकाच साच्यातून दोन होड्या करून दिल्या. थोरल्याची चैत्रात झाली. धाकट्याची करता करता पाऊस तोंडावर आला, हवा ओली झाली, आणि मी घाई केली. होडी दिसायला अगदी जुळी, रंगही तोच. पण पाण्यात गेली की डावीकडे ओढायची. सुकाणू सारखं दाबून धरावं लागे. जेट्टीवर लोक काय म्हणाले? "थोरल्याचा हात सरळ, धाकट्याला होडी धरता येत नाही. होडी तर एकाच साच्यातली!" एका खलाशाने त्याची होडी सोडली. धाकट्याने स्वतःही ते खरं मानलं. पोर गप्प गप्प झालं.

पुढच्या पावसाळ्यात होडी वर ओढली तेव्हा मी रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो. उजवीकडे टणटणीत. डावीकडे नाळेपासून मधल्या फळीपर्यंत बद्द आवाज. ग्राइंडरने कापलं तर आंबूस वासाचं पाणी आलं. मॅटमध्ये हवा राहिली होती, तिथून पाणी शिरून कप्प्यातला फोम भिजून दगड झाला होता. वर्षभर तो पोरगा माझ्या हातची चूक सुकाणूवर पेलत होता.

तुमच्या त्या गाडीतही असंच आहे, बाय. बावीस गाड्या सारख्या आहेत असं जगाने धरलं की एखादा टब जरा ढिला निघाला तर दोष कोणाच्या माथी जाईल? त्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या. त्याला पॉवर स्टिअरिंगही नसतं. सगळं हातानेच पेलायचं.

आणि नुसता वेगाचाच प्रश्न नाही. तूच मला तो फोटो दाखवला होतास. मे २०१८, बार्सिलोना, फॉर्म्युला टूच्या शर्यतीत फुकुझुमीची गाडी माकिनोच्या गाडीवर चढली. हेलोवर, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्यावर, टायरचा काळा पट्टा उमटला आणि खाली माकिनो धडधाकट. हेलो असलेली फॉर्म्युला टूची ती पहिलीच गाडी. शाबासकी हेलोला मिळाली, मिळायलाच हवी. पण तो ज्याला घट्ट धरून उभा असतो तो टबच ना? त्याचे थर लावणाऱ्याचं नाव मलाही ठाऊक नाही. माकिनोच्या आईला मात्र त्याचे पाय धरावेसे वाटले असतील.

फोम भिजलेला सापडला त्याच संध्याकाळी मी त्या भावांच्या घरी गेलो. थोरल्यासमोर, त्यांच्या आईसमोर सांगितलं की हात ह्याचा वाईट नव्हता, माझं काम वाईट होतं. धाकटा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर आला आणि माझ्याबरोबर ग्राइंडर धरून बसला. आठ दिवस लागले आम्हाला.

आज तीच होडी पहिली सुटली. मी इथून बघत होतो, खाडीच्या तोंडापर्यंत सरळ गेली.

आईने नारळीभात केलाय. तुझ्या वाटणीचा शेजारच्या पोरीला दिला. थंडी सुरू व्हायच्या आत जाड मोजे घे.

तुझा
बाबा