माजघराच्या भिंतीला भोक पाडायचं ठरवलंय

आई, नाना,

नमस्कार. अक्षर मोठं ठेवलंय, तरी नाना चष्मा लावूनच वाचा, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नका.

शनिवारी नेटवाला पोरगा येणार आहे. पुढच्या खोलीतला नेटचा डबा, म्हणजे राउटर, तिथेच राहील, त्यातून एक लॅनची वायर काढून माजघरात दुसरा छोटा राउटर बसवायचाय, आणि त्यासाठी मधल्या भिंतीला भोक पाडावं लागेल. पैसे मी भरून टाकलेत. ती भिंत दादाजींनी स्वतः माती तुडवून उभी केलीय हे मला माहितीये, आत्याच्या लग्नात नुसत्या खुंटीवरून काय झालं होतं तेही माहितीये, पण नाना, पेन्सिलीएवढं भोक आहे हो. दारातून वायर नेली तर दार लावताना दबणार, वरून नेली तर देव्हाऱ्यावरून जाते, ते आईला चालणार नाही. सगळं बघूनच ठरवलंय. भोक बुजवायला माणूसही सांगून ठेवलाय.

आखाजीच्या सणाला आले होते तेव्हा आई म्हणत होती ना, माहेरी येऊन पण हिचा मोबाईल सुटत नाही. अगं मी स्पीड मोजत फिरत होते. मोबाईलवर फास्ट डॉट कॉम उघडलं की आपोआप मोजायला लागतं, नेटफ्लिक्सवाल्यांचं आहे ते, वेगळं अ‍ॅप टाकावं लागत नाही. राउटरच्या शेजारी उभं राहिलं की डाउनलोड, म्हणजे नेटवरून आपल्याकडे येतं ते, 38 मेगाबिट यायचं, म्हणजे 40 च्या प्लॅनला चांगलंच आहे. आणि आईच्या खाटेवर बसून बघितलं की 3. अपलोड तर अर्ध्या मेगाबिटवर पण जात नव्हतं. मध्ये काय आहे, तर दोन फुटी मातीची भिंत, लोखंडी कपाट, आणि उन्हाळ्यात वर पाण्याने भरलेला कूलर. वायफायला लोखंड आणि पाणी दोन्ही आवडत नाही. नाना, तुम्हाला केळीच्या ड्रिपचं सांगायला नको, विहिरीला पाणी आहे, मोटरही दणकून चालतेय, पण नळी मध्येच दबली असेल तर शेवटच्या झाडापर्यंत काय पोचणार? म्हणून तो पोरगा 100 चा प्लॅन घ्या म्हणून मागे लागला होता तेव्हा मी नको म्हटलं. खाटेवर तेच 3 राहिले असते आणि बिल वाढलं असतं.

तरी त्याच्याशी भांडू नका. 40 म्हणतो आणि पिक्चर उतरवताना 5 च दाखवतं, हा तुमचा राग मला माहितीये, सगळ्या गल्लीला माहितीये. पण ते 40 मेगाबिट असतात आणि पिक्चर उतरवताना दाखवतं ते मेगाबाईट, आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे 40 भागिले 8, पाच. बरोबर देतोय तो. एवढ्या गोष्टीत तरी त्याला सोडा. रात्री नऊनंतर थोडं कमी येतं कारण तेव्हा अख्खी गल्ली मालिका बघत असते, तेही त्याला बोलून उपयोग नाही.

डाउनलोडचं सोडाच, खरं अडतंय अपलोडवर. तुमच्याकडून जे इकडे येतं ते अपलोड. तुम्हाला मी स्वच्छ दिसते म्हणून तुम्ही म्हणता नेट चांगलं आहे, पण मला आई अर्धवट डोळे मिटलेली, तोंड उघडं, तशीच अडकलेली दिसते आणि पलीकडून नुसता आवाज येतो, जेवलीस का. आणि त्या दिवशी डॉक्टरांना व्हिडिओवर नानांच्या पायाची सूज दाखवत होतो तेव्हा चित्र इतकं फुटलं की ते म्हणाले नीट दिसत नाही, घेऊनच या. एवढ्या पावसात जळगावची खेप झाली ना मग? मी तिथे नव्हते, शेजारच्यांना गाडी काढावी लागली. ते माझ्या मनातून जात नाही. सरकारी हिशोबाने म्हणाल तर 2023 पासून 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट, डाउनलोड मिळालं की ब्रॉडबँड, आधी तर 512 केबीपीएसलाच, म्हणजे जेमतेम अर्ध्या मेगाबिटलाच म्हणायचे, म्हणजे कागदावर आपल्या माजघरात सगळं छान आहे. पण कागदावर पाय दिसत नाही.

आणि कानबाईच्या सणाला यंदा माझं येणं होणार नाही. रजा संपल्यात. राग मानू नका, आई तू तर अजिबात नको. व्हिडिओवर तरी नीट दिसावं, आरती तुटक ऐकू येऊ नये, म्हणून पण ही घाई.

नाना, लहानपणी तुम्ही धाब्यावर चढून अँटेना फिरवायचे आणि मी अंगणातून आलं, गेलं, आलं करत ओरडायची, आणि पाऊस लागला तरी तुम्ही माझी मालिका संपेपर्यंत खाली उतरायचे नाही. आता तुम्ही आत बसा, मी इथून ओरडते.

आता ऐका. पोरगा गेल्यावर लगेच मोजायचं. मोजताना मोबाईल डेटा बंद, नाहीतर सिमचा स्पीड येतो आणि तुम्ही खूश होऊन बसाल. टीव्हीवरचं यूट्यूब बंद. आधी नव्या राउटरजवळ, मग आईच्या खाटेवर. आकडा आल्यावर खाली अजून माहिती असं असेल ते दाबा, अपलोड तिथे दिसतं, दोन्ही आकड्यांचा फोटो मला पाठवा. खाटेवर अपलोड 5 च्या वर आलं की मला पुरे. वायफायच्या यादीत दोन नावं दिसतील, 5जी लिहिलेलं सिमवालं 5जी नव्हे, ते जवळ जोरात चालतं पण भिंतीपलीकडे दम टाकतं, आईच्या जुन्या फोनला तर दिसणारही नाही, तिला साधंच लावून द्या. दोन्ही डबे इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा, लाईट गेली की नेट जायला नको. पुढच्या डब्यावर लाल लाईट लुकलुकला तर बाहेरची वायर गेली समजायचं आणि फोन करायचा, डबा उघडायचा नाही. नाना, उघडायचा नाही.

आई, त्या पोराला चहाबरोबर बिबड्या तळून दे, म्हणजे काम नीट करेल. आणि पायाची गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नाही.

तुमची,
बेबी