दाणे भाजले तरी विष उरते

महोदय,

श्रावणातल्या उपासांसाठी आणलेल्या किलोभर शेंगदाण्यांत या वेळी मूठभर दाणे सुरकुतलेले, हिरवट-पिवळी भुकटी धरलेले निघाले. दुकानदार म्हणाला, ‘ऊन दाखवा, भाजून घ्या, काही होत नाही.’ हाच समज घरोघरी आहे, म्हणून हे पत्र.

अशी भुकटी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीची असू शकते. भाजल्यावर बुरशी मरते, पण तिने दाण्यात सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष पूर्णपणे जात नाही. ते यकृताला इजा करते, तिथल्या कर्करोगालाही कारण ठरते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत अवेळी पावसात भिजलेला, बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. सगळीच बुरशी वाईट नव्हे; पेनिसिलिन तिनेच दिले, शेतातला पालापाचोळाही तीच कुजवते. पण कूट करण्याआधी असा दाणा निवडून टाकायलाच हवा, नंतर तो ओळखू येत नाही.

अन्न व औषध प्रशासनाने निदान पावसाळ्यात तरी दुकानांतल्या उघड्या पोत्यांमधले दाणे तपासावेत, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, सातारा