एकच धागा, बारी सगळ्यांची

साक्री, जि. धुळे

प्रिय मित्रा,

काय भो, तुझा फोन आला तेव्हा मी चिखलात गुडघाभर उभा होतो. पाइपलाइनच्या चारीसाठी कुणीतरी जेसीबी घातला नि केबल उचकटली. तू विचारलंस, एका वायरीपायी बँक, पेट्रोलपंप, अख्ख्या गल्लीचं नेट एकदम कसं जातं? आता निवांत लिहितो.

फडाचं पाणी आठवतं ना? पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट एकच, पण ज्याची बारी त्याच्याच वावराकडे पाटकरी पाणी वळवणार. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही आवाजाचं तेच करायचो: वायर एकच, तिच्यावरून सगळ्यांचे आवाज बारीबारीनं. सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजायचा, म्हणजे ८००० नमुने, एकेक ८ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १). दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात बाकीच्यांच्या बाऱ्या उरकायच्या. एका फेरीत ३२ खण (खण म्हणजे एका बारीची जागा), म्हणजे सेकंदाला २०,४८,००० बिट. त्यात बोलणारे ३०च. एक खण घंटी वाजव, फोन ठेवला, असल्या निरोपांचा. आणि शून्य नंबरचा खुणेचा: मोजणी इथून धरा.

ही मोजणी जुळली नाही की हाल. एकदा लोकांच्या फोनवर मधूनच 'टक्' व्हायचं. फॅक्स तर धड यायचाच नाही. दोन रात्री मी जोड तपासत बसलो, कार्डं बदलली. निघालं काय, तर दोन्ही टोकं आपापल्या घड्याळावर चाललेली! फरक साचत गेला की एक अख्खी फेरी गळायची, नाहीतर दोनदा यायची. एका टोकानं दुसऱ्याचं घड्याळ पाळायचं, एवढंच राहिलं होतं.

बारीत खोटही आहे. कुणी बोलो न बोलो, त्याचा खण रिकामा धावतोच. पाटकऱ्याला निदान ओरडून सांगता येतं, "मन्हा वावरमा पानी नको, पुढे सोड." नेटचं तसंच: बारी ठरलेली नाही, पाकिटावर पत्ता टाकायचा नि जागा दिसली की घुसायचं. म्हणून रात्री सगळे मॅच बघायला बसले की तुझं रखडतं.

फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या धाग्यात, तर प्रकाशाचेही लहरींच्या लांबीनुसार वाटे पडतात. घरच्या कनेक्शनला बहुधा एकच धागा असतो. येणारं १४९० नॅनोमीटरवर, जाणारं १३१० वर, एकमेकांत न मिसळता. डोळ्याला दिसत नाही, पण तुटक्या टोकात डोकावू नकोस हं.

सहा धागे जोडले तेव्हा रात्रीचे अकरा. बँकेचा सगळ्यात शेवटी लागला. घरी भरीत नि कळण्याची भाकरी गार होऊन पडली होती.

तुझा,
आप्पा