सईचा अर्ज आणि माझी सुट्टी

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. हसशील, पण यंदा मी माझ्या बिनपगारी मानाच्या पदावरून सुट्टी घेतली. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीसाठी मी इथल्या मुलांच्या मुलाखती घेतो, ते तुला ठाऊक आहेच. नाव भारदस्त, 'ब्लू अँड गोल्ड ऑफिसर'. थोरला तिथून बाहेर पडल्यावर हौसेने सुरू केलं. आता लेकीने, सईने, तिथे अर्ज केलाय.

तिची मुलाखत मी घ्यायची नाही, हे सांगायलाच नको. शेजारच्या भागातले एक निवृत्त कमांडर घेतील. झालं, मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. पण गोम वेगळीच आहे. इथे खासदाराचं किंवा सेनेटरचं नॉमिनेशन लागतं, आणि एका खासदाराच्या नावावर अकादमीत एका वेळी ५च मुलं असू शकतात. अभ्यासक्रम ४ वर्षांचा, म्हणजे वर्षाला एखाद-दुसरी जागा. त्याच जागेसाठी सईच्याच वर्गातला मुलगा माझ्यापुढे बसणार, मनातलं बोलणार आणि मी त्याच्याबद्दल अहवाल लिहिणार! 'जरा बुजरा वाटला' असं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी त्याच्या आईने का विश्वास ठेवावा? संशय नको म्हणून वारेमाप कौतुक केलं, तर तेही खोटंच. म्हणून यंदा एकही मुलाखत घेणार नाही.

तुझं भोपाळचं एसएसबी, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड चाचणी, आठवलं. पाच दिवस, मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचे अडथळे, शेवटी कॉन्फरन्स. पण समोर सगळे परके अधिकारी. त्या कोरडेपणाला आपण किती शिव्या घातल्या होत्या! तरी सांगतो, ओळखीच्या भागातला माणूसही हवा. संध्याकाळभर बापाच्या दुकानात गल्ला सांभाळणाऱ्या पोराचा खेळांचा रकाना रिकामा का, हे घरी गेल्यावरच कळतं.

सराव मुलाखत घेऊ का, असं सईला विचारलं. "बाबा, तुमचे प्रश्न मला पाठ आहेत," म्हणाली. त्यामुळे सध्या माझ्याकडे चेंडू आणून देण्याचं काम आहे. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकावा लागतो, त्याचा सराव चालतो. माझी कंबर धरलीय.

ॲनापोलिसात मुली १९७६ पासून आहेत, खडकवासल्यात पहिली तुकडी २०२२ साली गेली. तुझ्या पुतणीचं एनडीएचं कुठवर आलं, ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या