टॉवेलचं कार्ड आत, उष्टं भिंतीमागं

संपादक साहेब, नमस्कार.

ताडोब्याच्या आजूबाजूला रिसॉर्टवाले ‘इको फ्रेंडली’ची पाटी लावून राहिले तर लोक नाकं मुरडतात, म्हणे धंद्यासाठी करतात. आता धंदा आहे तर धंद्यासाठीच करणार ना बापा! फायदा दिसला की माणूस काम टिकवते, नाहीतर फोटोपुरतं झाड लावून मोकळा. हिवाळ्यात पहाटेच्या सफारीआधी सगळ्यांना गरम पाणी लागते, सोलर लावला की बिल वाचते, यात लाजायचं काय.

माझं म्हणणं एवढंच की स्वस्तातलं तेवढं करायचं अन् बाकी सोडायचं असं चालू आहे. बाथरूममध्ये कार्ड, ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’. याच कार्डावरून 1986 मध्ये जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन माणसानं हॉटेलवाल्यांना टोला हाणला होता, कार्ड अजून तेच. अन् कोलाऱ्याकडच्या एका रिसॉर्टच्या भिंतीमागं नाल्यात पाहा, भात, नानचे तुकडे, चिकनची हाडं, त्यातच पाण्याच्या छोट्या बाटल्या. त्यावर कुत्रे अन् रानडुकरं जमतात, कुत्र्यांच्या मागं बिबट येते, मग सांजच्याला गावातल्या बाया-पोरांनी घराबाहेर निघायचं कसं? बिबट्यानं कोणाला उचललं की गाव जंगल खात्यावर चिडते, रस्ता अडवते, गाड्या थांबतात अन् बुकिंग कॅन्सल होते, म्हणजे शेवटी नुकसान त्याच मालकाचं.

हॉटेलांनी ओला-सुका कचरा वेगळा करायचा असं 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं. उष्ट्याचा बायोगॅस केला तर 19 किलोवाल्या सिलेंडरचा खर्च कमी होते अन् उरलेली स्लरी शेतकरी खत म्हणून आनंदानं नेतील. सुरुवातीला पैसा लागते, खरं आहे, पण खोल्यांचे रेट पाहता तो नाही असं कोणी सांगू नये.

अजून एक. मेनूत बासमती, तोही बाहेरून ट्रकनं आलेला. एचएमटी तांदूळ शोधणारे दादाजी खोब्रागडे इथल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, आमच्याकडं धानाच्या बांध्याच बांध्या, तरी पाहुण्याच्या ताटात इथला भात नाही. डिझेल वाचेल, भाव कमी पडेल, शेतकऱ्याला गिऱ्हाईक भेटेल, मग अडलं कुठं?

तुमच्या पेपरात दर ऑक्टोबरला ताडोब्याचं गेट उघडल्याचे हार-फुलांचे फोटो येतात. यंदा बातमीदाराला जरा भिंतीमागंही पाठवा.

– एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर